सुलोचनाबाईंचा माझ्या वहीवर डोळा

आधीच सांगतो, हसायचं नाही. बावन्नाव्या वर्षी एवढा मोठा गाढवपणा फार थोड्यांना साधतो!

तर मी पुण्याहून चेन्नईला गेलो होतो. नुंगंबाक्कमच्या एका बालसाहित्य केंद्रात पाहुणा अभ्यासक! विषय, तंजावरकडच्या मराठी घरांतली अंगाईगीतं. तीन आठवडे आज्ज्यांपुढे बसून गोळा केलेलं सगळं एका लाल वहीत. दसऱ्याला त्यावर भाषण. जमलं तर मुक्काम सहा महिन्यांनी वाढणार. आणि वही गेली तर? पुण्याला परत!

नेमका त्याच वहीवर ग्रंथपाल सुलोचनाबाईंचा डोळा. बाई तंजावरच्या मराठी घरातल्या, बोलायला लोण्यासारख्या मऊ. इतक्या मऊ माणसाचा मला पहिल्या दिवसापासून संशय येतो. तुम्हाला नाही येत?

"सार, उद्याला तुमची वही द्या की."

"कशाला?"

"सगळ्यांचीच घेते मी. पाहुण्यांची तर हवीच."

"झेरॉक्स देतो."

"छे छे, झेरॉक्स चालत नाही! मूळचीच पाहिजे."

ऐकलंत? मूळचीच!

बायकोला फोन लावला. ती म्हणाली, "अहो, तुमच्या वह्या आपला रद्दीवालासुद्धा घेत नाही!"

पण मी कच्च्या गुरूचा चेला नव्हे. वही मुलांच्या फळीवर, हत्तींच्या दोन जाडजूड गोष्टींमध्ये खुपसली. चोर टेबल उचकेल, हत्ती कशाला उचकेल?

दुसऱ्या दिवशी येऊन बघतो, तर हत्ती गायब! आख्खी फळी रिकामी! कपाटावर चंदनाचे ठिपके. मी मात्र चोराच्या बोटांचे ठसे समजून ते वाकून वाकून तपासतोय!

धावत शेजारच्या मोठ्या दालनात शिरलो. रेशमी वस्त्राखाली पुस्तकांची उंच चळत, आणि तळाशी माझ्या वहीचा लाल कोपरा. ओढली! हत्ती, वाघ, नैवेद्याच्या चण्यांचं पातेलं, सगळं धडाधड खाली. सुलोचनाबाई धावल्या. मागोमाग संचालक राघवन.

"माझी वही आहे ही! पुरावा हवा? हा घ्या!" असं म्हणून मी जे पान उघडलं ते खणखणीत वाचलं. "सुलोचनाबाईंपासून सावध. फार गोड बोलतात."

 दालनभर चणे अजून घरंगळत होते.

"अय्यय्यो!" बाई म्हणाल्या. "मला काय हवं ते म्हणा, सार. पण पूजेतली वही आज वाचलीत?"

सरस्वतीपूजा होती हो! इथे दसऱ्याच्या आदल्या दिवशीच सगळी पुस्तकं देवीपुढे बसवतात, आणि दुसऱ्या सकाळपर्यंत कुणी एक अक्षर वाचत नाही. आपल्याकडे दसऱ्याला पाटीपूजन केलं, की झालं! बाईंना वाटलं, महाराष्ट्रातले विद्वान, यांना वेगळं काय सांगायचं?

"बाई, चुकलो. पण माझं भाषण?" मी रडकुंडीला आलेलो.

बाईंनी राघवनांकडे पाहिलं. राघवन छताकडे पाहत होते.

"उद्या लहान मुलांचा विद्यारंभ आहे," बाई मऊपणे म्हणाल्या. "तुम्हीही पहिल्यापासून सुरू करा की. आधी अक्षर, मग भाषण."

दसऱ्याच्या सकाळी तीन वर्षांच्या पोरांच्या रांगेत मी मांडी ठोकून बसलो. पुढ्यात तांदळाचं ताट. बाईंनी माझं बोट धरून पहिलं अक्षर गिरवून घेतलं.

शेजारच्या परकरातल्या चिमुरडीने मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं, आणि मी चोरू नये म्हणून आपलं अक्षर झटकन हाताने झाकलं!