मोडलेल्या लग्नाचं येसर

मधुवंती परभणीच्या एका शाळेत भूगोल शिकवते. छत्तिशीत तिचं लग्न जमलं तेव्हा एकदाचं गंगेत घोडं न्हालं म्हणून नातेवाइकांनी पेढे खाल्ले. मोडलं तेव्हा तीच तोंडं म्हणाली, पोरगी पाठीवर बोचकं टाकून डोंगर हिंडते, मग दुसरं काय होणार! खरं तर सारंग तिला डोंगरातच भेटला होता. लग्नानंतर दोघं मिळून हिंडू, असं तोच म्हणाला होता. मार्गशीर्षात लग्न तोंडावर आलं आणि त्याचा फोन आला, "जमेलसं वाटत नाही." झालं, संपलं.

तोवर घरात येसर दळून आलं होतं. बाजरी, गहू, हरभऱ्याची डाळ आणि मसाला भाजून केलेली ही पूड. लसणाच्या फोडणीत पाणी उकळून त्यात सोडली की झणझणीत आमटी तयार. आमच्याकडे लग्नघर त्या वासावरून ओळखतात. लग्न मोडल्यावर तिची आई लीलाताई येसराचा डबा ना उघडी, ना कुणाला देई.

शेवटी मधुवंतीच पुड्या बांधून सॅकमध्ये टाकू लागली. रविवारी गंगाखेडची एसटी, पुढे राणीसावरगावच्या बाजूचे डोंगर. औषधाच्या बाटलीत तेल, लसणाचा गड्डा, फडक्यात भाकरी, तळहातावर मावणारी गॅसची शेगडी. हाताला चव अशी की वासानेच भूक खवळावी. पण खाणारी एकटी. पहिल्याच घासाला तिला भरून यायचं. शेजारी बसून 'मीठ कमी पडलं' म्हणणारं कुणीतरी असावं, एवढंच तिला हवं होतं.

त्या दिवशी आमटीला उकळी फुटली आणि बोरीच्या झुडपामागून शेळ्या आल्या. मागून एक म्हातारी, कडूबाई.

"येसर शिजायलंय जणू! कुणाचं लगीन हाय गं माय?"

"माझं," मधुवंतीच्या तोंडून निघून गेलं. "झालं नुकतंच."

"आन् नवरदेव?"

"पाणी आणायला गेलेत." एकटी बाई डोंगरात असं खोटं बोलतेच, पण हिला ते बोलताना बरं वाटलं. "मावशी, बसा. जेवा माझ्याबरोबर."

कडूबाई बसल्या, पण हात धुवेनात. "नवरदेवाच्या आदी मी जेवू व्हय? येऊ दे त्याला. तवर तुला एकटीला सोडून मी न्हाई जायची."

आता आली का पंचाईत! इतक्या दिवसांनी कुणीतरी शेजारी बसलं होतं आणि तेच माणूस जेवत नव्हतं. आमटीवर साय धरली. ऊन उतरलं. कडूबाई पुनःपुन्हा पायवाटेकडे बघत होत्या आणि, काय सांगावं, मधुवंतीही बघू लागली. खोटं तिचंच, तरी वाट बघितली गेली. मग तिला स्वतःचीच चीड आली.

"मावशी, तो येणार नाही. लग्नच नाही झालं. हे येसर त्या लग्नाचं."

कडूबाईंनी तिच्याकडे नीट पाहिलं. का, कसं, कुणामुळे, काही विचारलं नाही.

"मंग आदी सांगायचं न्हाई व्हय? मी कवाची भुकेली हाय."

आणि झाकणात वाढून घेऊन, भाकरी कुस्करून, त्या भुरके मारत जेवल्या. दुसऱ्यांदा मागून घेतलं. मधुवंतीही जेवली, पोटभर.

हात धुऊन कडूबाई उठल्या. दिवसभर वेचलेली बोरं त्यांच्या ओच्यात होती. ती सगळी त्यांनी मधुवंतीच्या ओढणीत ओतली.

"अहो, घरी न्यायला..."

"गप. लग्नाचं जेवले मी. आहेर न करता जाऊ व्हय?"

शेळ्या हाकत त्या उतरून गेल्या. मधुवंती दोन्ही हातांनी ओढणी धरून बसली आणि लग्न मोडल्यापासून पहिल्यांदा मोठ्याने रडली.