दोरीचं दुसरं टोक

आमच्या बालसंगोपनाच्या पत्रकातलं पाचवं कलम असं होतं : ‘मुलास वेगळ्या खाटेवर, वेगळ्या पांघरुणात, खिडकी उघडी ठेवून निजवावे.’ ते मीच लिहिलं होतं. साताऱ्यात, दुपारच्या उन्हात पाठ शेकत. तेव्हा मी एकोणीस वर्षांची होते आणि कुणाचंही मूल एक रात्रसुद्धा सांभाळलेलं नव्हतं.

लढाईची वर्षं होती. धड कागद मिळत नव्हता, रॉकेल मिळत नव्हतं, आणि आम्ही चळवळीतली मुलं मात्र पिवळट खरबरीत कागदावर लोकांना शहाणं करायला निघालो होतो. ऐन थंडीत पत्रकांचा गठ्ठा घेऊन मी माण तालुक्यात गेले. दहिवडीपर्यंत मोटार, पुढं पायी. ज्या घरात माझी सोय झाली तिथला कर्ता माणूस मुंबईला गिरणीत होता. घरी त्याची बायको, दीड वर्षाची मुलगी आणि म्हातारे सासरे. सासरे रात्री बाहेर मेंढरांपाशी निजत.

संध्याकाळी बाया जमल्या. मी पत्रक मोठ्यानं वाचलं. पाचवं कलम आलं तशी एक म्हातारी म्हणाली, “खाट तुमी देनार का सरकार देनार?”

दुसरी म्हणाली, “आगं, आदी खिडकी मागून घे. भितीला भोक न्हाई आन म्हनं उगडी ठेवा.”

सगळ्या हसल्या. मला राग आला. सरकारवर रागवायची सवय होती, त्याच आवाजात मी त्यांना अज्ञानावर चार गोष्टी ऐकवल्या. त्यांनी ऐकून घेतलं आणि भाकऱ्या थापायला उठून गेल्या.

घर म्हणजे एकच खोली. एका कोपऱ्यात कुडाचा बुटका आडोसा, त्यामागं नवी जन्मलेली तीन कोकरं. चुलीजवळच्या जागेवर त्या बाईनं बाजरीचं सरमाड पसरलं, वर गोणपाट, वर वाकळ. चुलीच्या धगीवर तळवे धरायचे आणि ते गरम तळवे पोरीच्या तळपायांना लावायचे, असं तिनं पाच-सहा वेळा केलं. पोरगी निजली. मग तिनं लोकरीची एक पिळाची दोरी काढली, एक टोक पोरीच्या कमरेच्या करदोट्याला बांधलं आणि दुसरं स्वतःच्या पायाच्या अंगठ्याला.

मी उठूनच बसले. “वहिनी, जनावराला दावं लावतात तसं मुलीला बांधता?”

“बांदत न्हाई, बाई.” ती हळू बोलली. “दोरी ढिली हाय बगा. ती कुठं बी लोळंल. फकस्त मला कळतं.”

“काय कळतं?”

“वाकळ लाथाडली की येगळा हिसका. उठून बसली की येगळा. अन् चालाय लागली की पार अंगटा वडती.”

“मग तुम्ही दर वेळी उठता? रात्रीतून किती वेळा?”

“कोन मोजतंय? कवा चार, कवा धा.”

दाराला कडी का लावत नाही, हेही मी विचारलं. मेंढी व्यायला लागली की सासरे हाक मारतात, तेव्हा उठून जावं लागतं. दार नुसतं लोटून ठेवायचं. मग तिनं मागच्या हिवाळ्याचं सांगितलं. हिच्याआधीचा मुलगा अडीच वर्षांचा होता. झोपेतून उठला, दार ढकलून बाहेर गेला. पहाटे मेंढरांच्या वाड्याच्या काटेरी कुंपणापाशी सापडला, थंडगार पडलेला. छाती भरली, चार दिवसांत गेला. “तवा ही तान्ही व्हती,” ती म्हणाली. “मला झोप लागली व्हती.”

एवढंच बोलली. त्या दिवसापासून ही बाई एक रात्र सलग झोपलेली नाही, हे माझ्या डोक्यात शिरायला थोडा वेळ लागला. शिरलं तेव्हा संतापच आला. आठ कलमांत आईच्या झोपेबद्दल एक अक्षर नव्हतं. मी म्हटलं, “आज दोरी माझ्या पायाला बांधा. तुम्ही झोपा.”

ती नको म्हणाली. मी हट्ट धरला. सभेत धरतात तसा. शेवटी दमलेलं माणूस कबूल होतं तशी ती कबूल झाली. ती बांधायला वाकली तर मी म्हटलं, “मी बांधते, मला येतं.” कवायतीच्या वर्गात मला गाठी शिकवल्या होत्या.

जाग आली ती गारठ्यानं. दाराच्या फटीतून करडा उजेड येत होता. दोरी माझ्या अंगठ्याला नव्हती. वाकळ होती, मुलगी नव्हती.

मी हाक मारायच्या आत तिची आई उठली होती. तिनं माझ्याकडं पाहिलंही नाही. अनवाणी तशीच दाराबाहेर पळाली, थेट कुंपणाकडं. “मामंजी! पोरगी?” असं ओरडलेलं ऐकू आलं, आणि म्हातारा काहीतरी बडबडत उठल्याचं. मी खोलीच्या मधोमध उभी. मग कोपऱ्यात एक कोकरू शिंकलं.

आडोशावरून वाकून पाहिलं. तिन्ही कोकरं एकमेकांत मुरून पडली होती आणि त्यांच्या मधोमध पोरगी, एका कोकराचा कान मुठीत. मी तिच्या पायांना हात लावला. माझ्या पायांपेक्षा ते कितीतरी गरम होते.

मी हाक मारली. ती आली, पोरीला उचललं, तिच्या पाठीवर एक धपाटा घातला आणि मग तिला छातीशी धरून भिंतीला टेकून बसली. मग दोरी उचलून बघितली.

“ही गाठ कुनी बांदली व्हती?”

“मी.”

“शेळी बी सोडंल अशी गाठ.”

सासरे दारातून आत डोकावले. “शिकलेल्या मानसाची झोप लय जड रं बाबा,” असं कुणालाच उद्देशून म्हणाले आणि गेले.

त्या दिवशी मी शेजारच्या वाडीत पत्रक वाचलं, पाचवं कलम वगळून. कुणाच्या लक्षातही आलं नाही. पण दिवसभर डोक्यात एकच होतं. अंधारात त्या पोरीला ऊब कुठं आहे हे कसं कळलं? दुपारी घरात कुणी नसताना मी चुलीजवळची जमीन, भिंत, धान्याची कणगी, सगळीकडं तळवा टेकवून पाहिला. चूल निवली होती. ऊब त्या कोपऱ्यातच होती.

रात्री दोरी पुन्हा त्या बाईच्या अंगठ्याला. या वेळी मी मदत करते म्हटलं नाही. ती पडल्या पडल्या घोरायला लागली. बाहेर कुत्री भुंकली, म्हातारा खोकला, कोकरं ओरडली. ही हलली नाही. आणि पोरीनं जरा पाय झाडला तर हिचा हात वाकळीकडं गेला, पांघरूण वर ओढलं, हात परत. चुलीतल्या निखाऱ्यांच्या अंधुक उजेडात डोळे मिटलेलेच दिसले. हे झोपेत कसं जमतं? दोन वेळा पाहिलं, तिसऱ्यांदा मला राहवेना. अंधारात हात लांब करून मी दोरी दोन बोटांत धरली आणि अगदी हलकेच ओढली.

ती कुशीवर वळलीसुद्धा नाही.

“ह्यो पोरीचा हिसका न्हाई,” ती म्हणाली. “निजा आता, बाई.”