ज्ञानेश्वरीचा कलाजंग

कलाजंग हा बुटक्या माणसाला शोभणारा डाव. समोरच्याचा दंड ओढून धरायचा, गुडघा टेकवत त्याच्या बगलेखाली शिरायचं, दुसरा हात मांड्यांमधून घालायचा आणि सगळं धूड खांद्यावर घेऊन उठायचं. मग पलीकडे टाकून द्यायचं. पारनेर तालुक्यातली ज्ञानेश्वरी शाळेत सगळ्यात पुढच्या रांगेत उभी राहायची, एवढी बुटकी. केडगावच्या तालमीत महमूद वस्तादांनी तिला पहिल्या दिवशी पाहिलं आणि म्हणाले, "तुला कुनाच्या खाली शिरायला वाकायचं कामच न्हाई. निम्मा डाव तू जन्माला येतानाच शिकलीस."

तो डाव तिच्या अंगात असा बसला, की गावोगावच्या यात्रांतल्या हगाम्यात, म्हणजे कुस्त्यांच्या फडात, ती कुस्तीची लांग कसून उतरली की पोरं ओरडायची, "उचल, ज्ञाना!" आणि ती उचलायची.

पुढं लग्न झालं. नवरा आदिनाथ दुधाचा टेम्पो चालवायचा. मुलगी झाली. आता आखाडा सुटला, असं भावकीनं परस्पर ठरवून टाकलं. मुलगी चालायला लागली तशी ज्ञानेश्वरीनं स्कूटी काढली आणि पहाटेची तालीम पुन्हा धरली. भावकीतल्या बाया सासूचे, मनकर्णाबाईंचे, कान भरायला आल्या. मनकर्णाबाई म्हणाल्या, "तिचं लेकरू मी सांभाळते. तुमाला काय तरास हाय?"

सहा वर्षांच्या खंडानंतर तिनं गावच्या यात्रेतल्या हगाम्यात कुस्ती घेतली. समोर होती सृष्टी, पुण्यात मॅटवर तयार झालेली, विशीतली, ज्ञानेश्वरीपेक्षा वीतभर उंच. तिनं ज्ञानेश्वरीच्या जुन्या कुस्त्या मोबाईलवर बघून ठेवल्या होत्या, आणि तसं ती सगळ्यांना सांगतही होती.

वस्ताद काळजीत पडले. "पोरी, आज कलाजंग नको. तिला ठावा हाय."

"म्हनूनच मारनार, वस्ताद. ती हात आखडून लढंल. आखडलेला हात सोडवायचा कसा, ते मी बघते."

हलगी कडाडली. सृष्टीनं खरंच दोन्ही कोपरं बरगड्यांना चिकटवली होती. ज्ञानेश्वरीनं दंडाकडे बघितलंच नाही. ती थेट पायात घुसली, एकेरी पटाला, म्हणजे एक पाय ओढून पाडायला. सृष्टी चपळ निघाली. पाय सोडवून ती ज्ञानेश्वरीच्या पाठीवर चढली आणि तिला उलटवू लागली. ज्ञानेश्वरीचा एक खांदा मातीला लागला. बायकांच्या बाजूनं मनकर्णाबाईंचा आवाज आला, "अगं ऊठ की! घरी लेक वाट बघतीया!"

ती मान रोवून फिरली आणि निसटली. अंगाची माती न झटकता पुन्हा त्याच पायाकडे धावली. आता सृष्टीला खात्री पटली, की म्हातारी झालेली ही पैलवान कलाजंग विसरली आणि पटावर आली. पाय वाचवायला तिनं ज्ञानेश्वरीची मान खाली दाबली. त्यासाठी कोपर बरगडीपासून सुटलं.

तेवढंच हवं होतं. ज्ञानेश्वरीनं तो दंड खेचला, गुडघा टेकवला आणि आत शिरली. दुसऱ्या क्षणी ती उभी होती आणि उंच सृष्टी तिच्या खांद्यांवर आडवी पडली होती, पाय हवेत हलवत. ज्ञानेश्वरीनं तिला समोर टाकलं आणि वरून छातीनं दाबलं. पंचांनी शिट्टी मारली. चितपट!

ज्ञानेश्वरी जिंकल्याचा फेटा बांधून घेत होती, तेव्हा सृष्टी जवळ आली. "ताई, तुमचा पट खोटा होता ना?"

"खोटा कशाला? तू पाय दिला असतास तर पटावरच पाडलं असतं."

दोघीही हसल्या.

त्या यात्रेनंतर आसपासच्या पोरी केडगावला येऊ लागल्या. वस्तादांनी सकाळची तालीम ज्ञानेश्वरीच्या हाती दिली. प्रत्येक पोरीला आधी कलाजंगच शिकायचा असतो. ती शिकवते सगळ्यांना, पण त्यावर कुणाला अडकू देत नाही. पूजा नावाची एक लांब टांगांची पोर महिनाभर कलाजंग मारू बघत होती आणि दर वेळी स्वतःच कोसळत होती. ज्ञानेश्वरीनं तिला थांबवलं.

"तुझं अंग खाली शिरायचं न्हाई. माझ्या दंडाला वरून मिठी घाल. आता पाय आतून अडकव आन् कंबर फिरव. ही ढाक."

पूजा बिचकली. "ताई, तुमच्यावर मारू?"

"मग काय भिंतीवर मारतीस?"

परवा पूजानं ती ढाक नेमकी मारली. ज्ञानेश्वरी पाठीवर आदळली, तोंडात माती गेली. तिनं माती थुंकली, उठून लांग सारखी केली आणि पूजासमोर हात पुढं केले.

"झकास. पुन्यांदा मार."