तिचा हिप्पोकॅम्पस अख्खा निघाला

बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षी सरांनी मला आणि माझ्या मैत्रिणीला गोंदियाच्या मटन मार्केटात बोकडाचा मेंदू आणायला पाठवलं.

"भैया, भेजा साबुत चाहिए," मी म्हटलं.

"फ्राय करना है तो साबुत क्यों, दीदी?"

"पढ़ना है," मैत्रीण म्हणाली. खाटकाने मग कवटी जपून फोडून दिली.

फॉर्मलिनमध्ये मुरलेला तो मेंदू आम्ही अर्धा-अर्धा वाटून घेतला. आठवणी पक्क्या करणारा हिप्पोकॅम्पस आत वळून बसलेला असतो. माझा चिमटा लागला आणि त्याचा पनीरसारखा भुगा झाला. तिने ब्रशच्या मागच्या टोकाने तिचा अख्खा बाहेर काढला. सरांनी सगळ्या वर्गाला तिच्या टेबलाजवळ बोलावलं. मीही गेले आणि सगळ्यांच्या मागे उभी राहिले.

ती चिचगडच्या धानउत्पादक घरातली, मी गोंदियाच्या रेल्वे क्वार्टरमध्ये वाढलेली. इंग्रजी माझं चांगलं होतं. दक्षिणेतल्या एका विद्यापीठात मेंदूतल्या पेशींचं आणि रेणूंचं एम.एस्सी. आहे, हे मीच शोधून काढलं होतं. प्रवेशपरीक्षेसाठी तिला इंग्रजी पुस्तकंही मीच समजावून सांगितली. निवड तिची झाली. माझं नाव प्रतीक्षा यादीत गेलं आणि तिथेच राहिलं.

"पुढच्या वर्षी तू येशीलच," ती गाडीच्या खिडकीतून म्हणाली. मी हसून हात हलवला. गाडी हलली तसं ते हसू तोंडावर धरून ठेवणं जड झालं.

दिवाळीत ती आली आणि मला चिचगडला घेऊन गेली. अंगणात शेजारपाजारचे जमले होते. तिच्या आईने विचारलं, "तुया आजा सकाळी जेवला ते विसरते, अन लहानपणचं सांगत राह्यते. कायले गं?"

"नवीन आठवण पक्की व्हायले पेशीले नवीन प्रथिनं बनवा लागते, आई. आजाचं ते काम आता मंदावलं. जुन्या आठवणी आधीच पक्क्या होऊन गेल्या."

यातला शब्दन् शब्द मला येत होता. सगळे तिच्याकडे पाहत होते. मला राहवलं नाही.

"नुसती प्रथिनं नाही," मी म्हटलं, "दोन पेशींच्या जोडाच्या दोन्ही बाजू बदलतात."

तिच्या आईने माझ्याकडे पाहिलं, मग लेकीकडे. "हे काय म्हणून राहिली?"

"बरोबर सांगून राहिली. तिले माह्यापेक्षा जास्त येते."

तिने मला खोडून काढलं असतं तर बरं वाटलं असतं.

परतताना ती मला देवरीपर्यंत सोडायला आली. बसमध्ये तिने पिशवीतून एक फोटो काढला. काळ्या पार्श्वभूमीवर हिरवी चमकणारी एकच पेशी, तिला केसाहून बारीक फांद्या फुटलेल्या. उंदराच्या हिप्पोकॅम्पसमधली.

"हे मी वाढवली," ती म्हणाली.

"छान आहे," म्हणून मी फोटो परत केला आणि बाहेरचे साग पाहत बसले. तिचं शहर, तिचं हॉस्टेल, लोकांचं कौतुक, सगळं तिलाच राहू दे असं वाटलं. ती पेशी मात्र मला हवी होती.

त्या वर्षी मी इतका अभ्यास केला की आई काळजीत पडली. दुसऱ्या वेळी निवड झाली. ती तेव्हा एक वर्ष पुढे होती आणि पेशी वाढवायला मला तिनेच शिकवलं. "हात सैल सोड," ती शेजारी उभी राहून सांगायची, "पेशीले धक्का लागून राहिला." माझ्या पेशी मरून काचेच्या बशीत तरंगायच्या. शेजारच्या बशीत तिच्या पेशी तळाला चिकटून फांद्या फोडत असायच्या. माझ्या जगायला लागल्या तेव्हाही मी आधी तिची बशी सूक्ष्मदर्शकाखाली धरायचे, मग माझी.

शेवटच्या परीक्षेत मी वर्गात पहिली आले. तिच्या वर्षी ती पहिली नव्हती, हे मला पाठ होतं. ती तिथेच एका प्रकल्पावर नोकरीला लागली होती. निकाल लागला तशी मी धावत फोनकडे गेले आणि घरचा नंबर फिरवला.

"समजलं, बेटा," बाबा म्हणाले. "तुझ्या मैत्रिणीचा फोन येऊन गेला. आनंदानं रडून राहिली होती बिचारी. अशी पोरगी मिळत नाही."

"हो," मी म्हटलं.

बाबा तिच्याबद्दलच बोलत राहिले. मी फोन कानाला लावून ऐकत उभी होते.