रामटेकचं वांदर पडद्यावर आलंच नाही

हे मी आजवर कोणालेच सांगितलं नाही गा — बायकोले नाही, देवाले नाही. देवाले तसंही माहीतच असन. तुले सांगतो, पण मधात टोकू नको; एकदा थांबलो का पुढचं माह्याच्यानं बोलणं होणार नाही.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. सदरमधल्या आमच्या शाळेत एक कम्प्युटर आला. टीव्हीले जोडायचा, अन् बाजूले साधा टेपरेकॉर्डर, कारण प्रोग्रॅम कॅसेटवर राहायचा. शिकायले आम्ही दोघं — गणिताचा मी, अन् चित्रकलेच्या कुसुमताई. सोपे सोपे हुकूम लिहायचे, चित्र हलवायचं, खेळ बनवता बनवता प्रोग्रॅमिंग शिकायचं. मले वाटलं, हा तर माह्या हातचा मळ! कायचं बापा. माहा चेंडू भिंतीतून बाहेर गेला का परत येतच नव्हता.

कुसुमताई उमरेडच्या, विणकराच्या घरच्या. बाप लुगड्याच्या काठाची नक्षी चौकटीच्या कागदावर काढे. ताईनं तशाच चौकटी भरून वांदर काढलं. खेळ काय — रामटेकच्या पायऱ्या चढायच्या अन् वांदरापासून नारळ वाचवायचा. वांदर अशी झडप घाले का शिपायापासून हेडमास्तरापर्यंत सारे हसून हसून बेजार. मीही हसलो. खरंच मस्त होतं ना! मग जळत काहून होतो?

कारण कम्प्युटरचा वर्ग एकालेच मिळणार होता. पालकाइसमोर ज्याचा खेळ चालन, त्याले. अन् ताईले तो मनापासून पाहिजे होता. कधी काही न मागणारी बाई, पण यासाठी स्वतः हेडमास्तराकडं जाऊन आली होती.

आता — कॅसेटचा एक नखरा होता. टेपचा आवाज नेमका पाहिजे. जरा कमी झाला का प्रोग्रॅम चढतच नाही. त्या दिवशी ताई पालकाइले बसवायले गेल्या. खोलीत मी एकटा. अन् मी... थोडंसंच गा... बटन फिरवलं. आवाज कमी केला.

दोनदा कॅसेट लावली, दोनदा पडदा कोरा. महिनाभर ते बटन कोणी हलवलंच नव्हतं, म्हणून तिकडं कोणाचं ध्यान गेलं नाही. माही पाळी आली तसं मी हळूच बटन जागेवर आणलं. चेंडू भिंतीले धडकून मस्त परत आला. टाळ्या! — तो परत आणायचा कसा, हे मले ताईनंच शिकवलं होतं.

वर्ग मले मिळाला. वीस वर्षं घेतला, अन् खोटं काहून बोलू, मजेत घेतला.

ताईनं उन्हाळ्याची सारी सुटी घरी वहीत उतरवलेल्या प्रोग्रॅमची एकेक ओळ तपासण्यात घालवली. शाळा उघडली तशा माह्याकडं आल्या.

"चूक काही सापडली नाही, सर. मले हे जमणारं नाही."

मी म्हटलं, होते असं कधी कधी. अन् त्याइले चहा पाजला.