तिसरी शिट्टी

माझा बा लाल बावट्याचा जुना माणूस. तलासरीहून डहाणूला मोर्चा निघाला की शिट्टी त्याच्याकडे. पहिलीला दोन रांगा, बाया पुढं. दुसरीला रस्त्यात बसायचं. तिसरी झाल्याशिवाय उठायचं नाही, मग पोलीस येवो की जावई. आमच्या पाड्यावर पोरंसुद्धा हे शिकूनच मोठी होतात. असं माणसांना बसवून बसवून बानं चिकूच्या वाडीवाल्यांकडून आठ तासांचं काम कबूल करून घेतलं होतं. कुणी विचारो न विचारो, तो ते सांगायचाच.

मग वाडीतलं काम आटलं आणि पहाटे नाक्यावर जीप येऊ लागली. सीमेपलीकडं गुजरातेत पेनांचा कारखाना होता, तिथं बारा तास टोपणं बसवायची. बा माझ्याशी बोलेना. मी म्हटलं, "नको बोलू. चूल काही भाषणावर पेटत नाही." जीप होती म्हणून मी रोज घरी तरी येत होते. ज्यांना जीप मिळाली नाही त्या पोरी तिकडंच वापीला खोली घेऊन राहिल्या, त्या सणालाच दिसायच्या. घरात बा आणि मीच. मला जायचं नव्हतं.

बाया गाडीत चढायला वेळ लावतात म्हणून कारखान्याचा ठेकेदार वैतागलेला. तो एक दिवस घरी आला, बाच्या पाया पडला. "काका, आजपासून तमेच मुकादम. फक्त यांना बसवा नि परत आणा." पाया पडल्यावर बा विरघळला. मला म्हणाला, "मी आतून लढतो." मी कपाळावर हात मारला.

दुसऱ्या दिवसापासून पहिलीला आम्ही रांगेत, दुसरीला जीपमध्ये. मोर्च्याच्या ट्रकात कोंबायचा तसंच बानं कोंबलं, आणि कुणी हूं की चूं केलं नाही. बा पुढं ड्रायव्हरशेजारी ऐटीत. मला संताप यायचा. शेवटी तोंडावर म्हटलं, "वाडीवाले घाबरायचे तुझ्या शिट्टीला. आता ती शेठची घंटा झाली." बा विझलेली बिडी ओढत राहिला.

चार दिवसांनी भर दुपारी कारखान्याच्या आवारात शिट्टी वाजली. आठ तास झाले होते. हातातली टोपणं टाकून आम्ही उठलो, दोन रांगा, बाया पुढं. दुसरी वाजली, फाटकात बसलो. आमचं बघून कारखान्यातली बिहारी पोरंही बसली. ठेकेदार धावत आला, "काका, उठाडो, उठवा आ लोकोने."

"आठ तासांचं बोल, मग तिसरी," बा म्हणाला. मी पोट धरून हसले. त्या दिवसाइतका बा मला कधीच आवडला नव्हता.

अंधार पडता पडता ठेकेदार आठ तासांना हो म्हणाला, तिसरी वाजली, आम्ही घरी आलो. दुसऱ्या दिवशी जीप आली नाही. ती पलीकडच्या पाड्यावर जाऊ लागली.

महिन्याभरानं मी वापीला निघाले. बानं पिशवी नाक्यापर्यंत आणली. एसटी आली तशी सवयीनं त्यानं शिट्टी फुंकली, आणि थांब्यावरच्या सगळ्या बाया मुकाट रांगेत उभ्या राहिल्या. कंडक्टर बघतच राहिला. मी चढले. दुसरी वाजली, मी बसले.

खिडकीतून पाहिलं तर शिट्टी तोंडातच होती आणि बा रडत होता. गाडी वळेपर्यंत मी कान देऊन बसले. तिसरी काही त्यानं वाजवली नाही.