बीमखालची खुर्ची

गोंदिया वेगळा जिल्हा झाला, त्यानंतर काही वर्षांनी एकोडीत बाबांनी आमच्या कवेलूच्या घराला लागून स्लॅबची मोठी खोली बांधली. गल्लीतला पहिला स्लॅब! पाहुण्याला ते आधी वर बघायला लावत, मग पाणी विचारत. निजणं, जेवणं, अगदी आईचा गॅससुद्धा त्यांनी त्याच खोलीत हलवला.

थंडी पडली आणि पहाटे बीममधून टपटप सुरू झालं. आभाळ कोरडं ठणठणीत, आणि आमच्या अंथरुणावर पाऊस. बाबांनी मिस्त्रीचा उद्धार केला, गच्चीवर डांबर ओतलं. टपटप चालूच.

त्यात मंडई आली. दिवाळीनंतर आमच्याकडे गावोगावी मंडई, म्हणजे जत्रा, भरते, नातेवाईक मुक्कामाला येतात आणि त्या गर्दीत लग्नंही जमतात. लाखनीचे पाहुणे ताईला बघायला येणार होते. मुलगा तिनं आधीच्या एका मंडईत पाहिला होता आणि तिला फार आवडला होता, हे फक्त मला ठाऊक होतं.

"घर गळते म्हणून नाही तं म्हणणार नाही ना?" तिनं मला हळूच विचारलं.

लाखनीचे पाहुणे आले त्या सकाळी मुक्कामाचे नातेवाईक नुकतेच उठले होते. गारठा येऊ नये म्हणून बाबांनी खिडक्या घट्ट लावलेल्या, कोपऱ्यात भात रटरटत होता. मुलाच्या वडलांना बाबांनी मानाच्या खुर्चीवर बसवलं. नेमकी बीमखाली. पहिला थेंब त्यांच्या चहात पडला, दुसरा टकलावर. बाबांचा चेहरा पार उतरला.

तेवढ्यात ताई पोहे घेऊन आली. मान खाली घालायची सोडून ती सरळ म्हणाली, "स्लॅब नाही गळून राहिला. बाबा घर कोंडून ठेवते. आमचा श्वास अन् भाताची वाफ वर जाते. बीम बाहेर छज्ज्यापर्यंत गेला आहे, तो रातभर थंड होते. वाफ तिथंच पाणी होते."

"तुले कसं समजलं?" बाबांनी विचारलं.

"भाताच्या गंजावरचं झाकण काढून पाहा ना. तेही असंच गळते."

आता संपलं, असं मला वाटलं. पण मुलाच्या वडलांनी टक्कल पुसलं आणि ते पोट धरून हसले. "आमच्याही घरी गळते. मी तं दोनदा डांबर टाकलो. ही पोरगी आमाले द्या बाप्पा."

ताईनं पोह्यांचं ताट तसंच ठेवलं आणि आधी खिडक्या उघडल्या. तिचे कान लाल झाले होते. मला इतका आनंद झाला की मी गॅसजवळ जाऊन एकटीच हसत बसले.

पुढच्या मंडईला ती सासरहून आली. तोवर आमच्या खिडक्या रोज उघड्या असत, बीम कोरडा असे. पण त्या पहाटे बाबांनी एकूण एक खिडकी लावून घेतली होती. ताई दारातूनच ओरडली, "बाबा, काहून कोंडून ठेवलं पुन्हा घर?"

बाबा बीमखाली उभे राहून खुशीत ऐकत होते. वर्षभर त्यांना असं कुणी रागावलं नव्हतं.